फॉरमॅटनंतरही टिकणारे मालवेअर

ऑपरेटिंग सिस्टीम पूर्ण पुसून नव्याने बसवल्यावरही संगणकात शिल्लक राहणारे किंवा पुन्हा उगवणारे घातक सॉफ्टवेअर. या वर्णनाखाली व्यवहारात दोन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे मदरबोर्डवरची चिप, डिस्कचे स्वतःचे फर्मवेअर (उपकरणातच साठवलेले सॉफ्टवेअर) किंवा विंडोज सुरू होण्याआधी वाचला जाणारा डिस्कचा भाग, अशा ठिकाणी ठाण मांडलेले मालवेअर. दुसरी म्हणजे संगणक खरोखर साफ झालेला असताना बॅकअपमधून, पेनड्राइव्हवरून, राउटरमधून किंवा ऑनलाइन खात्यामधून परत आलेले मालवेअर. पहिला प्रकार सिद्ध झालेला आहे, पण दुर्मीळ आहे. दुसरा रोजचा आहे. मुंबईच्या दुरुस्ती दुकानांत ‘दोनदा फॉरमॅट मारला तरी जात नाही’ अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाने धास्ती पहिल्याची घेतलेली असते आणि त्रास बहुधा दुसऱ्याचा असतो.

आरंभ : या प्रकाराचा आरंभ कुठून मोजायचा याबद्दल एकमत नाही. लाहोरच्या अल्वी बंधूंनी १९८६ मध्ये लिहिलेला ‘ब्रेन’ हा आयबीएम पीसीवरचा पहिला व्हायरस मानला जातो. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना आधी वाचल्या जाणाऱ्या भागात राही, हार्ड डिस्कला हात लावत नसे. १९८७ च्या सुमारास न्यूझीलंडमध्ये निघालेला ‘स्टोन्ड’ आणि त्यावरून बेतलेला, १९९१ मध्ये सापडलेला ‘मायकेलअँजेलो’ हे मात्र हार्ड डिस्कच्या मास्टर बूट रेकॉर्डमध्ये, म्हणजे अगदी पहिल्या सेक्टरमध्ये शिरत. डॉस या विंडोजआधीच्या ऑपरेटिंग सिस्टीमची फॉरमॅट आज्ञा हा सेक्टर बदलतच नसे. ती फक्त त्या विभागाची फाइल कोष्टके नव्याने लिही. त्यामुळे सी ड्राइव्ह फॉरमॅट करून डॉस पुन्हा टाकला तरी व्हायरस जागच्या जागी राही. डॉस ५ पासून डिस्कचे विभाग पाडणाऱ्या एफडिस्क आज्ञेला जोडता येणारा, अधिकृत पुस्तिकेत न दिलेला ‘एमबीआर’ हा पर्याय त्यावर उपाय म्हणून तंत्रज्ञांच्या तोंडी बसला. सगळ्या व्हायरसांना तो चालत नसे. ‘मंकी’सारखा व्हायरस विभागांचे मूळ कोष्टक सांकेतिक करून दुसरीकडे ठेवी, आणि या उपायाने सगळा डेटाच दिसेनासा होई. ‘फॉरमॅटनेही जात नाही’ ही समजूत याच काळातली असावी. ‘लो लेव्हल फॉरमॅट करून द्या’ ही मागणीही बहुधा तिचाच अवशेष आहे. नियंत्रक सर्किट स्वतःवरच असलेल्या आयडीई डिस्क आल्यापासून त्या नावाने जे होते ते प्रत्यक्षात सर्व सेक्टरांत शून्ये लिहिणे एवढेच.

तैवानच्या चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने १९९८ मध्ये लिहिलेला ‘सीआयएच’ किंवा ‘चेर्नोबिल’ व्हायरस काही याद्यांत पहिला बायोस (यंत्र सुरू करणारे मदरबोर्डवरचे फर्मवेअर) व्हायरस म्हणून नोंदवलेला आढळतो. २६ एप्रिल १९९९ रोजी त्याने जगभरातल्या यंत्रांच्या फ्लॅश बायोसमध्ये कचरा लिहून ती निकामी केली. पण तो बायोसमध्ये राहत नसे. बायोस मारत असे. त्याने एवढेच दाखवून दिले की चालू विंडोजमधून बायोसच्या चिपवर लिहिता येते, म्हणून त्याला या मालिकेचा पूर्वसूरी म्हणणे अधिक योग्य वाटते.

बायोसमध्ये खऱ्या अर्थाने वस्ती करण्याचे प्रयोग प्रथम संशोधकांनी केले. जॉन हीसमन यांनी २००६ मध्ये बायोस ऑपरेटिंग सिस्टीमला पुरवत असलेल्या एसीपीआय कोष्टकांतून आणि २००९ मध्ये आल्फ्रेडो ओर्तेगा व अनिबाल साक्को यांनी थेट बायोस प्रतिमेत, म्हणजे चिपवरच्या संपूर्ण मजकुरात, बदल करून ते शक्य असल्याचे मांडले. प्रत्यक्ष पसरलेला पहिला नमुना म्हणजे २०११ मध्ये चीनमध्ये सापडलेला ‘मेब्रोमी’. तो फक्त अवॉर्ड कंपनीच्या बायोसला लागू पडे. त्या बायोससाठीचेच एक साधन वापरून तो आपला भाग प्रतिमेत घुसवी आणि दर वेळी यंत्र सुरू होताना मास्टर बूट रेकॉर्ड तपासून पुन्हा बिघडवी. सप्टेंबर २०१८ मध्ये ईसेट या कंपनीने ‘लोजॅक्स’ जाहीर करताना त्याला प्रत्यक्ष हल्ल्यात सापडलेले पहिले युईएफआय (जुन्या बायोसची जागा घेणारे फर्मवेअर) रूटकिट, म्हणजे स्वतःला लपवणारे मालवेअर, म्हटले. हा दावा युईएफआयपुरताच आहे. जुना बायोसही हिशेबात धरायचा झाल्यास मान मेब्रोमीकडे जातो, आणि या नोंदीत तेच ग्राह्य धरले आहे. २०१३ मध्ये ड्रॅगोस रुइउ या संशोधकाने वर्णन केलेल्या ‘बॅडबायोस’चा उल्लेख वगळता येत नाही, कारण आजही अनेकांच्या भीतीचे मूळ तेच आहे. जाळ्याला न जोडलेली यंत्रे स्पीकर आणि मायक्रोफोनमधून एकमेकांशी बोलतात, असा त्यात दावा होता. आवाजातून माहिती पाठवणे शक्य आहे हे इतर प्रयोगांत दिसले. पण त्या मालवेअरचा स्वतंत्र पुरावा कुणालाही मिळाला नाही.

रचना व कार्य : आजच्या मदरबोर्डवर युईएफआय फर्मवेअर आठ पायांच्या एका छोट्या फ्लॅश चिपमध्ये असते, दुरुस्तीवाले तिला बायोस आयसी म्हणतात. तिची क्षमता साधारणपणे १६ किंवा ३२ मेगाबाइट असते. बटण दाबल्यावर प्रोसेसर पहिल्या सूचना या चिपमधून घेतो, डिस्कची पाळी नंतर येते. म्हणून इथे बसलेल्या कोडला डिस्क बदलली तरी फरक पडत नाही. लोजॅक्सने नेमके हेच साधले. आधी त्याने एका खऱ्याखुऱ्या हार्डवेअर साधनाचा ड्रायव्हर वापरून चिपवरची प्रतिमा वाचली. तिच्यात स्वतःचा एक ड्रायव्हर मिसळला. मग चिपवर लिहिण्याची मनाई नीट लावलेली नसल्यास, किंवा मनाई लावण्याच्या यंत्रणेतल्या क्षणभराच्या फटीचा फायदा घेऊन, बदललेली प्रतिमा परत लिहिली. यानंतर प्रत्येक वेळी यंत्र सुरू होताना हा ड्रायव्हर डिस्कवरचा विंडोजचा (एनटीएफएस) विभाग वाचे, विंडोजच्या फोल्डरमध्ये दोन फाइली ठेवी आणि रजिस्ट्रीमधली, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातली, डिस्क तपासणीची नोंद बदलून आपला प्रोग्राम चालवी. कोऱ्या विंडोजमध्येही तो पुन्हा येई, तो असा.

कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केलेले ‘मूनबाउन्स’ आणि जुलै २०२२ मधले ‘कॉस्मिकस्ट्रँड’ यांत वेगळी फाइल ठेवलेली नाही. फर्मवेअरमधल्या मूळ घटकातच फेरफार आहे. म्हणून ते ओळखणे आणखी अवघड. कॉस्मिकस्ट्रँड एच८१ चिपसेटच्या गिगाबाइट आणि असुस बोर्डांच्या प्रतिमांत आढळले. बाधित व्यक्ती चीन, व्हिएतनाम, इराण व रशियातल्या होत्या. त्याच्या आधीच्या आवृत्तीबद्दल चिनी कंपनी चिहूने २०१७ मध्ये लिहिताना, बोर्ड जुन्या मालाच्या विक्रेत्याकडून बिघडवलेल्या स्थितीतच आला असावा, अशी शक्यता मांडली होती. तिला दुजोरा मिळालेला नाही.

हार्ड डिस्कचे फर्मवेअर हा वेगळा प्रांत. फेब्रुवारी २०१५ मध्ये ‘इक्वेशन’ या हेरगिरी करणाऱ्या गटाबद्दलच्या कॅस्परस्कीच्या अहवालात डझनभर ब्रँडच्या डिस्कचे फर्मवेअर बदलू शकणारा भाग वर्णन केला गेला. तो अत्यंत मोजक्या लक्ष्यांवर वापरला गेल्याचे अहवालातच म्हटले आहे.

‘ब्लॅकलोटस’ आणि ‘ईएसपेक्टर’ या मालवेअरची गणना बातम्यांत सर्रास याच वर्गात होते, पण ते चिपमध्ये नसतात. ते डिस्कवरच्या ईएफआय सिस्टीम पार्टिशनमध्ये, म्हणजे विंडोज सुरू करणाऱ्या फाइलींच्या छोट्या विभागात राहतात. मार्च २०२३ मध्ये विश्लेषण झालेला ब्लॅकलोटस एका जुन्या त्रुटीचा वापर करून सही नसलेला बूट कोड अडवणारे सिक्युअर बूट चालू असतानाही विंडोज ११ वर चालतो. सर्व पार्टिशन काढून टाकून नव्याने बसवले तर तो जातो. इथे आपल्याकडची एक सवय आड येते : ग्राहकाचा डेटा डी ड्राइव्हवर असतो, तो हलवायला वेळ लागतो, म्हणून फक्त सी फॉरमॅट करून विंडोज टाकून दिले जाते. अशा वेळी ईएफआय पार्टिशनला कुणी स्पर्शही केलेला नसतो, आणि डी ड्राइव्हवर जुने सेटअप, क्रॅक आणि अ‍ॅक्टिव्हेटर जसेच्या तसे उरतात.

भासमान टिकाऊपणा : विंडोज ८ पासून फर्मवेअरमधल्या एका कोष्टकाद्वारे यंत्राचा निर्माताच विंडोजला एक प्रोग्राम सुपूर्त करू शकतो, आणि विंडोज तो चालवते. डब्ल्यूपीबीटी या नावाने ही सोय ओळखली जाते. लॅपटॉप चोरीला गेल्यास शोधण्याच्या सेवांसाठी ती उपयोगी ठरते. २०१५ मध्ये लेनोवोच्या काही यंत्रांत कोऱ्या विंडोजवरही कंपनीचा प्रोग्राम आपोआप बसत असल्याचे उघड झाले आणि त्यातली सुरक्षा त्रुटी मान्य करून कंपनीने ती सोय काढली. मे २०२३ मध्ये गिगाबाइटच्या बोर्डांतही अशीच, असुरक्षित मार्गाने अपडेट उतरवणारी रचना एक्लिप्सियम या सुरक्षा कंपनीने दाखवली. इंटरनेट जोडण्याआधीच अनोळखी प्रोग्राम दिसला म्हणून घाबरलेल्या वापरकर्त्याने आधी ही शक्यता तपासावी. सडत चाललेली हार्ड डिस्क, खराब रॅम आणि तापणारा प्रोसेसर यांची लक्षणेही पुष्कळदा व्हायरसच्या माथी मारली जातात.

परत येण्याच्या वाटा याहून साध्या आहेत. चोरीच्या विंडोजला चालू करणारा अ‍ॅक्टिव्हेटर नव्या विंडोजवर पहिल्या तासाभरातच पुन्हा चालवला जातो, तोही अँटिव्हायरस बंद करून. ब्राउझरमध्ये खाते उघडले की सिंकमधून घातक एक्स्टेन्शनही परत येते. राउटरमधले डीएनएस (संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या सर्व्हरचे सेटिंग) बदललेले असेल तर घरातल्या प्रत्येक यंत्रावर त्याच जाहिराती दिसतात, मग ते यंत्र आजच फॉरमॅट केलेले का असेना. आणि पासवर्ड किंवा चालू लॉगिन आधीच चोरीला गेले असेल तर खात्यात होणाऱ्या हालचालींचा यंत्राशी संबंधच उरत नाही. सरकारी दर्जाची पाळत साधनेदेखील टिकून राहण्याचा अट्टहास सोडताना दिसतात. ‘पेगासस’ आयफोनवर फोन बंद-चालू केल्यावर टिकत नाही, गरज पडल्यास पुन्हा घुसवला जातो, असे अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या २०२१ च्या तांत्रिक अहवालात नोंदले आहे.

मोबाइलबाबत भारतीय वाचकाने ‘एक्सहेल्पर’ लक्षात ठेवावा. फॅक्टरी रीसेटनंतरही परतणारे हे अँड्रॉइड मालवेअर २०१९ मध्ये गाजले. सिमँटेक या सुरक्षा कंपनीने तेव्हा ४५,००० उपकरणे बाधित असल्याचे म्हटले होते आणि त्यांत भारतातली बरीच होती. ते सिस्टीम विभागात स्वतःची प्रत ठेवी. रीसेट तो विभाग पुसत नाही, त्यामुळे कंपनीचे मूळ फर्मवेअर पुन्हा फ्लॅश करणे हाच खात्रीचा उपाय ठरला.

मुंबईतील स्थिती : ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ही संगणकाच्या सुट्या भागांची शहरातली जुनी बाजारपेठ. वापरलेले मदरबोर्ड, एच८१ धरून, तिथे सहज मिळतात. बायोस आयसी वाचण्या-लिहिण्यासाठी वापरला जाणारा सीएच३४१ए हा स्वस्त प्रोग्रामर आणि चिपला वरून लावायचा क्लिप बहुतेक दुरुस्तीवाल्यांच्या परिचयाचा आहे. म्हणजे जगात अन्यत्र महाग असलेली सेवा इथे काही शे रुपयांच्या उपकरणावर होऊ शकते. तिची दुसरी बाजू मात्र गंभीर आहे. निर्मात्याच्या संकेतस्थळावरची प्रतिमा न वापरता कुठल्यातरी ग्रुपवरून आलेली तयार बिन फाइल (चिपच्या मजकुराची प्रत) चिपवर लिहिली, तर अज्ञात उगमाचे फर्मवेअर यंत्रात घातले जाते. भीतीपोटी केलेली दुरुस्ती त्याच धोक्याला वाट देते. शिवाय दुसऱ्या लॅपटॉपच्या प्रतिमेने मूळ अनुक्रमांक आणि फर्मवेअरमधली विंडोजची किल्ली पुसली जाते. म्हणून आधी मूळ चिपची प्रत काढून ग्राहकाला द्यावी, असा आग्रह धरण्याजोगा आहे.

२७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या मालवेअरने न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या, मर्स्क या जहाजवाहतूक समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प केले. तो मास्टर बूट रेकॉर्डच बदलत असे. तरीही मर्स्कने पुढे जाहीर केल्याप्रमाणे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी दहा दिवसांत नव्याने बसवून काम सावरले. बूट सेक्टरला हात घालणारे मालवेअरही पूर्ण पुनर्स्थापनेला दाद देते, याचे हे मोठे उदाहरण.

तपासणी व प्रतिबंध : चिपची प्रत काढून निर्मात्याच्या फाइलशी सरळ ताडून पाहणे फसवे असते. चिपमध्ये सेटिंग, अनुक्रमांक आणि बूटच्या नोंदी साठत असल्याने निरोगी यंत्राचाही चेकसम (फाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा) कधी जुळत नाही. युईएफआयटूलसारख्या साधनाने प्रतिमा उकलून फक्त कोडचे घटक ताडावे लागतात. इंटेलचे चिपसेक हे साधन चिपवर लिहिण्याची मनाई लागू आहे की नाही ते सांगते. ईसेट आणि मायक्रोसॉफ्ट डिफेंडर यांत फर्मवेअर तपासण्याची सोय अनुक्रमे २०१७ व २०२० पासून आहे. इंटेलच्या प्रोसेसरांत २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून आलेले बूट गार्ड सही नसलेले फर्मवेअर चालू देत नाही, पण निर्मात्याने ते लावलेले असेल तरच.

घरगुती वापरकर्त्यासाठी उपाय एवढाच पुरतो : दुसऱ्या, विश्वासाच्या यंत्रावर मायक्रोसॉफ्टच्या साधनाने पेनड्राइव्ह तयार करावा, डेटा हलवून सर्व पार्टिशन काढावे, बायोस निर्मात्याकडच्या आवृत्तीने अद्ययावत करावे, सिक्युअर बूट चालू ठेवावे, राउटर रीसेट करावा, आणि पासवर्ड त्या दुसऱ्या यंत्रावरूनच बदलून सर्व लॉगिन बंद करावेत. बॅकअपमधून कागदपत्रे व छायाचित्रे घ्यावीत, प्रोग्राम घेऊ नयेत. एवढे केल्यावरही लॅपटॉप फेकून नवा घेण्याचा विचार मनात येत असेल, तर आपण पत्रकार, वकील, संशोधक किंवा कुणाच्या खास नजरेत असलेली व्यक्ती आहोत का, हा प्रश्न आधी विचारावा. उत्तर होय असेल तर शंका रास्त आहे आणि तज्ज्ञ तपासणी करून घ्यावी. नसेल तर झोप उडवून घेण्याइतका आधार या भीतीला नाही.

पैसे गेले असतील तर १९३० या सायबर गुन्हे हेल्पलाइन क्रमांकावर तत्काळ कळवावे. परवानगीविना संगणकात शिरणे व मालवेअर घालणे यासाठी माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० ची कलमे ४३ व ६६ लागू होतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांना अशी घटना सहा तासांत कळवावी लागते. सामान्य नागरिकांसाठी २०१७ पासून सायबर स्वच्छता केंद्राची मोफत साधने आहेत. तक्रार करायची असल्यास फॉरमॅट त्याआधी करू नये. डिस्क काढून जशीच्या तशी ठेवावी आणि काम नव्या डिस्कवर सुरू करावे, कारण एकदा पुसल्यावर तपासणाऱ्याच्या हाती बहुधा काहीच लागत नाही.