समूह वाढवणे सोपे, कमी करणे अवघड

संगणकाच्या मुख्य मेमरीतून एखादी नोंद वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर तीच नोंद शोधायला काही मिलिसेकंद जातात. या प्रचंड तफावतीमुळेच असंख्य लोक एकाच वेळी वापरत असलेल्या सेवा आपला सतत लागणारा डेटा मेमरीत ठेवतात. रेडिस, हेझलकास्ट, इन्फिनिस्पॅन ही त्यासाठीची प्रचलित साधने आहेत. मात्र प्रोग्रॅम थांबला की मेमरीतले सारे पुसले जाते. म्हणून अशा डेटाची सुरक्षितता प्रामुख्याने दुसऱ्या यंत्रावर ठेवलेल्या त्याच्या प्रतीवर अवलंबून असते.

डेटा एका यंत्रात मावेनासा झाला की तो अनेक यंत्रांच्या समूहात (क्लस्टरमध्ये) वाटावा लागतो. प्रत्येक नोंदीच्या किल्लीपासून (म्हणजे ती ज्या नावाने ओळखली जाते त्यापासून) एक संख्या काढायची, तिला यंत्रांच्या संख्येने भागायचे आणि बाकी उरेल त्या क्रमांकाच्या यंत्रावर नोंद ठेवायची, हा सर्वांत सरळ मार्ग होय. पण यंत्रे ४ वरून ५ केली, तर या हिशेबाने जवळजवळ ८० टक्के नोंदींची जागा बदलते. म्हणून डेटाचे आधीच ठरावीक संख्येचे विभाग पाडतात (रेडिस क्लस्टरमध्ये १६,३८४, तर हेझलकास्टमध्ये मूळ मांडणीनुसार २७१) आणि यंत्रांत हे विभाग वाटतात. मग पाचवे यंत्र आले तरी सुमारे एक पंचमांश डेटाच हलवावा लागतो.

यंत्रांची संख्या सांभाळण्याचे काम आज बहुधा कुबरनेटिसकडे असते. गूगलने २०१४ मध्ये खुली केलेली ही प्रणाली कंटेनरांच्या (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारे सारे एकत्र बांधलेल्या पेट्यांच्या) लहान गटांना पॉड म्हणते. समूहाचा प्रत्येक सदस्य मग अशा एका पॉडमध्ये चालतो, आणि एका भौतिक यंत्रावर अनेक पॉड असू शकतात. किती पॉड हवेत एवढे सांगितले की तेवढे चालू ठेवण्याची जबाबदारी ती घेते. एक पॉड बंद पडला तर त्याच्या जागी दुसरा कोणताही चालेल, हे तिचे मूळ गृहीतक आहे, आणि मेमरीत डेटा बाळगणाऱ्या पॉडच्या बाबतीत नेमके तेच लागू पडत नाही. ही अडचण ओळखून कुबरनेटिसने स्टेटफुलसेट ही वेगळी व्यवस्था दिली. तिच्यात प्रत्येक पॉडला कायमचा क्रमांक असतो. पॉड एकेक करून चढत्या क्रमाने सुरू होतात आणि उतरत्या क्रमाने बंद होतात.

वाढ करताना फारसा धोका नसतो. हेझलकास्टमध्ये नवा सदस्य आला की विभाग आपोआप त्याच्याकडे सरकतात. रेडिस क्लस्टरमध्ये मात्र विभाग हलवण्याची आज्ञा स्वतंत्रपणे द्यावी लागते, तोवर नवे यंत्र रिकामेच राहते.

खरी कसोटी समूह लहान करताना लागते. पॉड बंद करायचा झाल्यास कुबरनेटिस त्याला आवरते घेण्याचा संदेश पाठवते आणि वेगळी सूचना नसेल तर ३० सेकंदांनी तो सक्तीने थांबवते. आता त्या पॉडकडे १० गिगाबाइट डेटा असेल आणि नेटवर्कचा वेग सेकंदाला १ गिगाबिट (८ गिगाबिट म्हणजे १ गिगाबाइट) असेल, तर तो डेटा इतरांकडे पोहोचवायला, अन्य काहीही वाहतूक नसली तरी, किमान ८० सेकंद लागतात. पहिला पॉड असा अर्धवट गेला तरी डेटा बहुधा वाचतो, कारण दुसरीकडची राखीव प्रत मुख्य होते. पण तिची नवी प्रत तयार होण्याआधीच, ती ज्याच्याकडे आहे तो पॉडही बंद झाला, तर तो विभाग कायमचा नाहीसा होतो. म्हणून निघणाऱ्या सदस्याने आपले सर्व विभाग सोपवून झाल्यावरच थांबावे अशी मांडणी करून ही मुदत पुरेशी वाढवणे, हा उपाय मला सर्वांत भरवशाचा वाटतो. प्रती तयार होईपर्यंत सगळ्याच पॉडनी ‘आम्ही तयार नाही’ असे कळवावे, हाही एक मार्ग सुचवला जातो. परंतु त्यामुळे त्यांच्याकडे येणाऱ्या विनंत्याच थांबतात आणि डेटा सुरक्षित असूनही सेवा बंद पडते. मूळ व राखीव प्रती एकाच भौतिक यंत्रावर येऊ नयेत, हे तर वेगळे बजावूनच सांगावे लागते. एरवी ते एक यंत्र बंद पडताच दोन्ही प्रती एकदम जातात.

ही वाढ-घट आपोआप व्हावी म्हणून अनेकदा प्रोसेसरवरचा भार हा निकष लावतात. तो येथे दिशाभूल करतो. विभागांचे स्थलांतर स्वतःच भार वाढवते, त्यामुळे नवा सदस्य येताच आणखी सदस्यांची गरज भासू लागते. उलट रात्री विनंत्या कमी झाल्या की प्रोसेसर मोकळा दिसतो, पण मेमरीतला डेटा जेवढा होता तेवढाच असतो. ४ सदस्यांची मेमरी ६० टक्के भरलेली असेल, तर ३ सदस्यांत ती ८० टक्के भरते; आणखी एक कमी केल्यास उरलेल्या दोघांवर १२० टक्क्यांचा बोजा येतो, म्हणजे तो डेटा त्यांच्यात मावूच शकत नाही.