यंत्राला केस दिसत नाही, रंग दिसतो

नवरात्राला महिना उरला होता. भाची दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आली ती केस काढायचं नवं प्रकाशयंत्र घेऊनच. "मावशी, हे बिघडलंय. दंडाच्या आतल्या बाजूला चमकतं, बाहेरच्या बाजूला ढिम्म."

यंत्र धड होतं. त्याच्या तोंडाशी त्वचेचा रंग तपासणारा सेन्सर होता, आणि बडोद्याच्या उन्हात रोज स्कूटर चालवून तिच्या दंडाची बाहेरची बाजू रापली होती. तिथे न चमकणं हेच त्याचं काम.

अशा यंत्रांना 'आयपीएल' म्हणतात, म्हणजे 'इंटेन्स पल्स्ड लाइट', प्रखर प्रकाशाचे क्षणिक झोत. आत झेनॉनचा दिवा असतो. तो काही मिलिसेकंदच लखकन चमकतो. लेझरमध्ये एकाच तरंगलांबीचा प्रकाश असतो, इथे अनेक. हा प्रकाश केसाला ओळखत नाही, त्यातल्या मेलॅनिन या रंगद्रव्याला ओळखतो. उन्हात ठेवलेल्या स्कूटरचं काळं सीट चटका देतं ना, तसंच केसातलं मेलॅनिन प्रकाश शोषून तापतं आणि ती उष्णता मुळापर्यंत जाते. यामागचं तत्त्व रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या अमेरिकी संशोधकांनी 1983 मध्ये मांडलं: तरंगलांबी नेमकी निवडली आणि झोत पुरेसा कमी वेळ ठेवला, तर उष्णता आजूबाजूला पसरण्याआधीच हवं तेवढंच भाजतं.

पण मेलॅनिन त्वचेतही असतं. गोऱ्या कातडीवर काळा केस उठून दिसतो. आपल्या सावळ्या त्वचेत हा फरक कमी, म्हणून चटका, फोड आणि नंतर महिनोन्महिने न जाणारे काळे डाग यांची भीती जास्त. डॉक्टर सावळ्या त्वचेसाठी बहुधा 1064 नॅनोमीटरचा लेझर वापरतात. त्या तरंगलांबीला मेलॅनिन कमी शोषतं आणि प्रकाश खोल उतरतो. पांढऱ्या केसात मेलॅनिनच नसतं, तिथे घरचं यंत्र कितीही फिरवा, उपयोग शून्य.

भाचीने आदल्याच आठवड्यात वॅक्सिंग केलं होतं. म्हणजे तापवायला मूळच उरलं नव्हतं! आधी वॅक्स किंवा थ्रेडिंग नको, रेझर चालतो. शिवाय वाढीच्या टप्प्यातल्या केसांवरच याचा नीट परिणाम होतो आणि सगळे केस एकाच वेळी त्या टप्प्यात नसतात. त्यामुळे काही महिन्यांची चिकाटी लागते; महिन्याभरात गरब्यासाठी पाठ गुळगुळीत होणार नाही, हे मी तिला स्पष्टच सांगितलं.

हनुवटीवर मात्र तिला मी यंत्र लावू दिलं नाही. तिची पाळी अनियमित आहे. हार्मोन बिघडलेले असतील तर चेहऱ्यावर अशा प्रकाशाने कधीकधी केस उलट वाढतात. त्यासाठी आधी डॉक्टर. तीळ, टॅटू, डोळ्यांच्या आसपासची जागा वर्ज्यच. मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन चालू असेल तरीही थांबायचं, त्या गोळीने त्वचा प्रकाशाला हळवी होते.

दिवाळीनंतर ती पुन्हा आली. मधल्या काळात पूर्ण बाह्यांचा कुडता घालून स्कूटर चालवली होती. बाहेरच्या बाजूला एका छोट्याशा जागी, सगळ्यात कमी पातळीवर यंत्र लावलं. या वेळी ते चमकलं. चटका किंवा डाग उठतो का, ते बघायला आम्ही एक दिवस थांबलो.