भाषा शिकवणाऱ्याचा गौरव: तासापर्यंत न पोचलेला इतिहास

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि सोलापुरात एक वेगळाच योग जुळून आला. तेलुगू आणि कन्नडला हा दर्जा २००८ मध्येच मिळालेला. म्हणजे शहराच्या पूर्व भागात पद्मशाली विणकरांच्या घरात बोलली जाणारी तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला गेलं की कानावर पडणारी कन्नड आणि इथल्या बहुतेक वर्गांत जिच्यातून शिकवलं जातं ती मराठी, अशा तिन्ही भाषा आता अभिजात आहेत. या दर्जाबरोबर त्या भाषेतल्या नामवंत विद्वानांसाठी दरवर्षी दोन मोठे पुरस्कार देण्याची केंद्राची तरतूद येते. हा मान विद्वत्तेचा आहे. बी.ए. भाग एकच्या पोरांना रोज भाषा शिकवणारा प्राध्यापक त्यात बसत नाही. याची मुळं बरीच जुनी आहेत.

मुंबई विद्यापीठ १८५७ चं. पुढच्या दशकात तिथल्या वरच्या परीक्षांमधून देशी भाषा वगळल्या गेल्या. न्यायमूर्ती रानड्यांनी चिकाटीने पाठपुरावा केला, तेव्हा कुठे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर एम.ए.ला मराठी आली. विषयाला जागा मिळवण्यातच एवढा काळ गेला की तो शिकवायचा कसा, हा प्रश्न मागे पडला.

सोलापुरात दयानंद कॉलेज १९४० मध्ये सुरू झालं ते मुंबई विद्यापीठाखाली. नंतर पुणे विद्यापीठ, १९६२ नंतर कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आणि १ ऑगस्ट २००४ ला एका जिल्ह्यापुरतं आपलं स्वतःचं. इतकी वर्षं पेपर बाहेरगावी निघत आणि निकालही तिकडूनच लागत. शिक्षकाची पारख व्हायची ती निकालाच्या टक्क्यांवर, नाही तर त्याच्या पुस्तकांवर. सोलापूरकर गो. मा. पवार सरांना २००७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या चरित्रासाठी. तो योग्यच होता, त्यात शंका नाही. पण शिवाजी विद्यापीठात मराठी विभाग सांभाळताना सरांनी जे शिकवलं, त्याची दखल घेणारा तसा मान आपल्याकडे नव्हता. मराठीचे प्राध्यापक आणि नावाजलेले वक्ते निर्मलकुमार फडकुले सरांचं नाव शहराने एका सभागृहाला दिलं. ऐकणाऱ्यांनी केलेला तो गौरव मला फार मोलाचा वाटतो.

बाहेर या गोष्टीकडे आधीच लक्ष गेलं होतं. विद्यापीठातल्या अध्यापनासाठी कॅनडाने १९८६ मध्ये राष्ट्रीय फेलोशिप सुरू केली, ब्रिटनने २००० मध्ये. युरोपीय आयोगाने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस खास भाषाशिक्षणासाठी ‘युरोपियन लँग्वेज लेबल’ काढलं. त्यात माणसापेक्षा उपक्रम तपासतात. तो नवा आहे का, शिकणाऱ्याला भाषेची ओढ लावतो का, दुसऱ्या ठिकाणी तसाच राबवता येईल का. शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर द्यायचं तर शिक्षकाला आपली पद्धत लिहून काढावी लागते.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये शिक्षकांच्या कामाचं गुणांकन आणलं. अध्यापनाच्या विभागात कमाल १२५ गुण होते, त्यातले नावीन्यपूर्ण पद्धतींना २०, आणि तेही शिक्षकाने स्वतःच भरायचे. शोधनिबंध मात्र छापील दिसतो, मोजता येतो, म्हणून सगळे निबंधांच्या मागे लागले. २०१८ च्या नियमांत महाविद्यालयीन शिक्षकांसाठी अध्यापनाची कसोटी अशी झाली की नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा जास्त घेतले तर शेरा ‘चांगला’. तासात काय घडलं, याला त्यात जागाच नाही.

आणि इथल्या तासात बरंच घडतं. एकदा वर्गात एक मुलगा दाराकडे बघत म्हणाला, “सर, त्यो येलालाय.” दोघी-तिघी हसल्या. तो गप्प झाला. मी फळ्यावर ‘येलालाय’ लिहिलं, खाली ‘येतोय’, त्याखाली ‘येत आहे’. मग विचारलं, घरी काय म्हणता? पूर्व भागातली एक मुलगी म्हणाली, “वस्तुन्नाडु.” अक्कलकोटकडचा एक जण म्हणाला, “बरलाकत्त्यान.” फळ्यावर ‘येलालाय’ आणि ‘बरलाकत्त्यान’ जवळजवळ आले, तेव्हा त्यातला ‘ला’ पोरांनीच हेरला. तो योगायोग की शेजार, यावर तास संपेपर्यंत वाद चालला. अपूर्ण वर्तमानकाळ इतक्या मनापासून मी कधी शिकवला नव्हता, आणि ‘येलालाय’ म्हणणारा मुलगा त्या दिवशी सगळ्यांत जास्त बोलला. संध्याकाळी दैनंदिनीत मी लिहिलं: काळ व त्याचे प्रकार, एक तास.

शाळांचं चित्र बरं आहे. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८ पासून शाळांसाठी आहेत, आणि २०२० मध्ये माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, ते क्यूआर कोडच्या पाठ्यपुस्तकांमुळे, म्हणजे थेट शिकवण्याच्या रीतीमुळे. उच्च शिक्षणातल्या शिक्षकांना राष्ट्रीय पुरस्कारात जागा मिळाली ती २०२३ मध्ये. त्या वर्षी देशभरातून १३ जण निवडले गेले, आणि त्यात सगळे विषय आले.

१ ऑगस्टला आपल्या विद्यापीठाचा वर्धापनदिन असतो. त्या निमित्ताने भाषाशिक्षकांसाठी वेगळा पुरस्कार ठेवता येईल. फाइल मागवण्याआधी समितीने न कळवता एक तास मागच्या बाकावर बसावं, आणि एकाच विद्यार्थ्याची दोन पानं मागावीत, एक जुलैतलं आणि एक मार्चमधलं.