'कोणी मधे का पडलं नाही?' या प्रश्नाची साठ वर्षं

रस्त्यात, बसमध्ये, लोकलमध्ये कोणी एखादीला त्रास देत असेल तर बघणाऱ्याने नक्की काय करायचं, याचं ट्रेनिंग हल्ली कॉलेजांत आणि ऑफिसांत होतं, तासाभराचं ऑनलाइन पण असतं. बऱ्याच जणांना ते एचआरचं नवीन खूळ वाटतं. पण यामागे साठ वर्षांचा इतिहास आहे, आणि गंमत म्हणजे त्याची सुरुवात एका बऱ्यापैकी चुकीच्या बातमीपासून झाली.

१३ मार्च १९६४. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधला क्यू गार्डन्स हा भाग. बारमध्ये मॅनेजर असलेली किटी जेनोव्हीज ही २८ वर्षांची मुलगी पहाटे तीनच्या सुमारास घरी येत होती, बिल्डिंगपाशीच एकाने तिच्यावर चाकूने वार केले, ती ओरडली, तो पळाला, आणि थोड्या वेळाने परत येऊन त्याने तिला मारलं. आधी ही बातमी छोटीशीच आली होती. मग न्यूयॉर्क टाइम्सच्या शहर विभागाचे एडिटर ए. एम. रोझेन्थाल (हे त्याआधी काही वर्षं दिल्लीत बातमीदार होते) पोलीस कमिशनरसोबत जेवायला गेले, तिथे कमिशनरने ३८ साक्षीदारांचा विषय काढला, आणि २७ मार्चला पहिल्या पानावर छापून आलं की इतके लोक खून होताना बघत बसले आणि कोणी पोलिसांना फोन केला नाही. हेडिंगमध्ये आकडा ३७, आत मजकुरात ३८, म्हणजे शंका यायला तिथूनच जागा होती. पण गोष्ट इतकी जबरदस्त होती की जगभर पसरली, आजही मोटिव्हेशनल भाषणांत तशीच्या तशी ऐकायला मिळते.

खरं काय होतं? एका शेजाऱ्याने खिडकीतून ओरडून हल्लेखोराला हटकलं होतं, तो पहिल्यांदा पळाला तो त्यामुळेच. दुसरा हल्ला आडोशाला, जिन्याच्या दारात झाला, तो बहुतेकांना दिसणं शक्यच नव्हतं. आणि एक शेजारीण बाहेर धोका आहे हे माहीत असून खाली धावली, किटीला तिने जवळ धरून ठेवलं. ती त्या बातमीत नव्हतीच. शेवटी २०१६ मध्ये टाइम्सनेच मान्य केलं की बातमीत बऱ्याच चुका होत्या. माझ्या मते त्या बातमीने केलेलं मोठं नुकसान हे की लोक मुळातच निर्दयी असतात असं सगळ्यांनी धरून टाकलं.

तरी या चुकीच्या बातमीमुळे एक चांगलं काम झालं. जॉन डार्ली आणि बिब लाटाने या दोन सायकॉलॉजिस्टनी विचार केला की माणसं वाईट असतात म्हणून विषय सोडण्यापेक्षा प्रयोग करून बघू. १९६८ च्या त्यांच्या प्रयोगात माणूस एकटा खोलीत फॉर्म भरत बसलेला असताना भिंतीतून धूर सोडला तर ७५ टक्के लोकांनी उठून सांगितलं, पण शेजारी ढिम्म बसून राहणारे दोघं (हे प्रयोगवाल्यांचेच) असले तर फक्त १० टक्के लोकांनी. दुसऱ्या प्रयोगात इंटरकॉमवर कोणाला तरी फिट आल्याचा आवाज ऐकवला, तेव्हा आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के लगेच मदतीला उठले, आणखी चार जण ऐकतायत असं वाटलं की ३१ टक्केच. म्हणजे काळजाचा प्रश्न नाहीच. एकतर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात आणि कोणी हलत नाही म्हणजे काही विशेष नसेल असं समजतात, आणि दुसरं म्हणजे कोणीतरी करेलच की असं प्रत्येकाला वाटतं. ट्रेनिंगमध्ये सांगतात ना, 'कोणीतरी पोलिसांना बोलवा' असं हवेत ओरडू नका, 'अहो निळा शर्टवाले दादा, तुम्ही ११२ ला फोन लावा' असं एकाकडे बोट दाखवून सांगा, ते थेट यातूनच आलंय.

नंतर यालाही दुरुस्ती मिळाली. २०१९ मध्ये ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊनमधल्या सीसीटीव्हीत टिपलेली २१९ भांडणं संशोधकांनी तपासली, तर दहापैकी नऊ वेळा निदान एक जण तरी मधे पडला होता, आणि लोक जास्त तेवढी कोणीतरी पुढे येण्याची शक्यताही जास्त. लोक मधे पडतात, फक्त कसं पडायचं ते माहीत नसतं, आणि खरी गोम इथेच आहे.

ट्रेनिंगचा धागा अमेरिकेतल्या कॉलेजांतून येतो. १९९३ मध्ये जॅक्सन कॅट्झ यांनी नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटीत खेळाडू मुलांसोबत काम सुरू केलं, कल्पना साधी, मुलांना संभाव्य गुन्हेगार म्हणून लेक्चर देऊ नका, मित्र चुकीचं वागताना बघणारा साक्षीदार म्हणून बोला. पुढे केंटकी युनिव्हर्सिटीतून 'ग्रीन डॉट' हे ट्रेनिंग आलं आणि मधे पडायच्या पद्धतींचे तीन 'डी' आले. २००५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या हॉलाबॅक या संस्थेने (२०२२ पासून नाव राइट टू बी) त्याचे पाच केले. डिस्ट्रॅक्ट म्हणजे त्रास देणाऱ्याकडे बघायचंच नाही, सरळ तिच्याशी बोलायचं, 'अगं तू इथे, ओळखलंस का, दादरला उतरतेस ना?' डेलिगेट म्हणजे कंडक्टर, गार्ड, दुकानदार यांना सोबत घ्यायचं. डॉक्युमेंट म्हणजे दुसरं कोणी मदत करत असेल तरच लांबून शूटिंग करायचं आणि व्हिडिओ तिच्याच हातात द्यायचा, ग्रुपवर टाकायचा नाही, आपल्याकडे हा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो. डिले म्हणजे नंतर जाऊन 'बरी आहेस ना, सोबत थांबू का' विचारायचं. आणि डायरेक्ट, म्हणजे तोंडावर हटकणं, हे स्वतःची आणि तिची सेफ्टी बघूनच.

डायरेक्टच्या बाबतीत एवढी सावधगिरी का, हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. २० ऑक्टोबर २०११ ला अंधेरीच्या आंबोलीत किनन सांतोस आणि रूबेन फर्नांडिस यांनी मैत्रिणींना छेडणाऱ्यांना हटकलं, ते निघून गेले आणि टोळी घेऊन परत आले. किनन त्याच रात्री गेला, रूबेन काही दिवसांनी. आजूबाजूला माणसं होती, मदतीला कोणी आलं नाही. २०१६ मध्ये चौघांना जन्मठेप झाली. त्या दोघांचं काही चुकलं होतं असं मी अजिबात म्हणत नाही, पण तेव्हा कोणी लांबून फोन लावला असता, चार जणांनी मिळून कालवा केला असता, तर तेही मधे पडणंच होतं, आणि हे आपल्याला कोणी शिकवलेलंच नव्हतं. आंबोलीनंतर पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१२ मध्ये, दिल्लीत रस्त्याकडेला पडलेल्या निर्भया आणि तिच्या मित्राजवळ गाड्या स्लो व्हायच्या आणि निघून जायच्या, हे त्या मित्राने नंतर टीव्हीवर सांगितलं.

खरंतर आपल्याकडे यातलं एक उत्तम उदाहरण आधीच होतं. २००८ मध्ये ब्रेकथ्रू संस्थेने 'बेल बजाओ' मोहीम काढली, जाहिराती आठवत असतील, शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज येतो, क्रिकेट खेळणारी पोरं बेल वाजवून बॉल मागतात, कोणी दूध मागायला जातं. ना भाषण ना हाणामारी, आतल्याला कळतं की बाहेर ऐकू जातंय, बस्स. डिस्ट्रॅक्ट हेच की!

आणि कधीकधी थेट अंगावर जावंच लागतं. जून २०२३ मध्ये पुण्यात सदाशिव पेठेत कोयता घेऊन मुलीमागे धावणाऱ्याला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या तरुणांनी अडवलं, तिथे गप्पा मारून लक्ष वळवायला वेळच नव्हता.

कायद्याचं मात्र अर्धवटच आहे. २०१३ मध्ये छेडछाड आणि पाठलाग हे स्पष्ट शब्दांत गुन्हे झाले, दुसऱ्याच्या अंगावर होणारा हल्ला रोखायचा हक्क आधीपासून होताच आणि आता भारतीय न्याय संहितेतही आहे. पण २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला जे संरक्षण मिळालं, ते फक्त रस्त्यावरच्या अपघातापुरतं. अपघातातल्या जखमीला दवाखान्यात नेलंत तर पोलीस तुम्हाला जबरदस्तीने साक्षीदार करू शकत नाहीत, पण स्टँडवर छेडछाड थांबवलीत तर या कलमाचा तुम्हाला काही उपयोग नाही.