पद्मिनीचा डुलणारा गिअर

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार झालेली शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर 2023 अखेर मुंबईच्या टॅक्सीसेवेतून बाहेर पडली. खासगी पद्मिनी मात्र आजही हौशी लोक जपून आहेत. कुणी वर्षानुवर्षं उभी राहिलेली गाडी घेतं आणि सवडीने दुरुस्त करत बसतं. अशा गाडीबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते: गिअरची दांडी डुलते, न्यूट्रल कुठे आणि दुसरा कुठे तेच हाताला कळत नाही. मेकॅनिकच्या भाषेत गिअरला प्ले, म्हणजे ढिलेपणा, आलाय. लगेच कुणीतरी गिअरबॉक्स उतरवायला सांगतं. माझं आग्रहाचं म्हणणं आहे की त्याआधी गाडीखाली नीट बघावं. बहुतेक वेळा दोष गिअरबॉक्सच्या बाहेरच सापडतो.

बहुतेक पद्मिनींत गिअरची दांडी स्टिअरिंगच्या खांबाला असते, गिअरबॉक्स मात्र इंजिनाच्या मागे, खाली. हाताची हालचाल तिथवर नेण्यासाठी खांबालगतचा दांडा, त्याच्या बुडाशी असलेले छोटे आर्म आणि तिथून गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या लिंक अशी साखळी लागते. तिला दोन कामं करायची असतात: आधी गिअरची ओळ निवडायची, मग त्या ओळीतला गिअर टाकायचा. प्रत्येक सांध्यावर पिन असते आणि पिनभोवती रबराचा किंवा प्लास्टिकचा बुश, म्हणजे नळीसारखं अस्तर. हा बुश मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. झीज कुठे व्हायची असेल तर ती स्वस्त बुशची व्हावी, पोलादी पिनची नव्हे.

आता थोडा हिशोब. समजा साखळीत पाच सांधे आहेत आणि प्रत्येकात 0.4 मिलिमीटर फट पडली आहे. सुट्या सांध्यात एवढी फट डोळ्यांनाही चटकन दिसत नाही. पण मालगाडीच्या कपलिंगमधला ढिलेपणा जसा डब्यागणिक वाढत जातो, तशा या फटी एकापुढे एक मिळून 2 मिलिमीटर होतात. दांडी म्हणजे तरफ. मूठ टेकूपासून 25 सेंटिमीटर आणि खालचा आर्म 5 सेंटिमीटर असेल, तर खालचे 2 मिलिमीटर मुठीपाशी पाचपट होतात. हाताला लागतो तो पूर्ण एक सेंटिमीटरचा ढिलेपणा!

हे नुसतं गैरसोयीचं नाही. गिअरबॉक्सच्या आत सरकणाऱ्या दांडीला खाच असते आणि स्प्रिंगने दाबलेली पोलादी गोळी त्या खाचेत बसते. गिअर पडल्यावर हाताला जाणवणारा ‘टक्’ तिचाच. वरची दांडी आपल्या मर्यादेला टेकली आणि आतला फोर्क (गिअर सरकवणारा काटा) अजून पूर्ण सरकलेला नसेल, तर गोळी खाचेत बसत नाही आणि दात अर्धवट अडकतात. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की गिअर निसटतो. असंच चालवत राहिलं तर दातांच्या कडा गोल होत जातात, आणि मग खरोखरच गिअरबॉक्स उघडावा लागतो.

तपासणीला दोन माणसं हवीत. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना लाकडी ठोकळे, आणि गाडी वर घेतली असेल तर मजबूत स्टँडवर. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही खाली शिरू नये. एकाने दांडी हलकेच मागेपुढे हलवायची, दुसऱ्याने टॉर्च घेऊन एकेक सांधा पाहायचा आणि त्यावर बोट ठेवायचं. पिन हलते पण पुढची लिंक हलत नाही, असा सांधा सापडला की तो दोषी. गिअरबॉक्सच्या रबरी माउंटिंगकडेही लक्ष द्यावं. खांब बॉडीला पक्का असतो, इंजिन मात्र रबरावर डोलतं. रबर फाटलं की इंजिनाबरोबर लिंकही ओढल्या जातात.

बुश बदलण्याआधी तो ज्यात बसतो ते भोक पाहा. ते लांबट झालं असेल तर नवा बुशही लवकरच खुळखुळेल. भोक रीमरने (भोक रुंदावणाऱ्या अवजाराने) गोल करून जाड बुश बसवावा लागतो, किंवा वेल्डिंगने भरून पुन्हा पाडावं लागतं. पिनवर कड पडली असेल तर तीही बदलावी.

तयार बुश मिळाला नाही तर लेथवर करून घेता येतो, पण कशाचा करायचा हे विचारपूर्वक ठरवावं. पितळ टिकाऊ असतं, मात्र इंजिनाची थरथर ते थेट मुठीपर्यंत आणतं. नायलॉन ही थरथर बरीच गिळतं, पण हवेतली ओल शोषून किंचित फुगतं. मे महिन्यात अगदी घट्ट मापात केलेला बुश जुलैत जाम होऊ शकतो. अ‍ॅसिटल नावाचं प्लास्टिक ओल फारच कमी घेतं, म्हणून आपल्याकडच्या पावसाळ्याला मला तेच सर्वांत योग्य वाटतं. मूळचा रबरी बुश ठेवायचा असेल तर साधं ग्रीस लावू नका. त्यातल्या खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगतं आणि मऊ पडतं. रबराला सिलिकॉन ग्रीस चालतं.

बुश बसले की गिअरबॉक्स आणि वरची दांडी दोन्ही न्यूट्रलमध्ये ठेवून लिंकची लांबी पुन्हा जुळवावी, आणि सांधे निसटू नयेत म्हणून नव्या स्प्लिट पिना घालाव्यात. आधी इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहावेत, मग रिकाम्या रस्त्यावर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये वेग घेऊन अ‍ॅक्सिलरेटर सोडून पाहावा. तरीही गिअर निसटला, तर मात्र गिअरबॉक्स उतरवायची वेळ आली आहे.