सिरीयल पोर्ट अडॅप्टर (हॅम रेडिओ)

संगणकाला हॅम रेडिओच्या (परवाना घेऊन छंद म्हणून चालवायच्या रेडिओच्या) संचाशी जोडणारे छोटे उपकरण. फ्रिक्वेन्सी बदलणे, मोड निवडणे, ट्रान्समिट सुरू-बंद करणे ही कामे त्यातून होतात. आयकॉम कंपनीच्या आयसी-७३०० सारख्या संचात ही सोय यूएसबीसह आतच असते. जुना संच घेतला की अडॅप्टर बाहेरून लावावा लागतो.

खरी निवड प्लगची नसून व्होल्टेजची असते. आरएस-२३२ या सिरीयल जोडणीत १ हा बिट म्हणजे उणे ३ ते उणे १५ व्होल्ट आणि ० म्हणजे अधिक ३ ते अधिक १५. टीटीएल या दुसऱ्या पद्धतीत सारा व्यवहार ० ते ५ व्होल्टमध्ये चालतो, शिवाय अर्थ उलटा. केनवुडच्या टीएस-४८० ला नऊ पिनांचा आरएस-२३२ पोर्ट आहे. येसू कंपनीच्या एफटी-८५७ ला टीटीएल लागते. आयकॉमच्या सीआय-व्ही या संगणक-जोडणीच्या जॅकलाही टीटीएलच लागते, आणि तिथे पाठवणे-घेणे एकाच तारेवर चालते. टीटीएलच्या जागी आरएस-२३२ थेट जोडले तर बोलणे होत नाहीच, संचाचे इनपुटही जळू शकते. बेळगावात उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांना आरएस-२३२ नवी नाही, कारण जुन्या सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशीनला प्रोग्रॅम त्यातूनच भरतात. पण त्या केबलमध्ये पाठवण्या-घेण्याच्या तारा बहुधा उलटसुलट केलेल्या असतात. टीएस-४८० ला सरळ केबल हवी. म्हणून आधी मल्टीमीटर लावून पिना तपासाव्यात.

अडॅप्टरमधली चिप कोणती आहे, हेही पाहावे. एफटीडीआय कंपनीच्या चिपला स्वतःचा अनुक्रमांक असतो, त्यामुळे अडॅप्टर दुसऱ्या यूएसबी खाचेत लावला तरी विंडोजमधला कॉम क्रमांक (पोर्टचा क्रमांक) सहसा तोच राहतो. स्वस्त सीएच३४० चिपमध्ये असा अनुक्रमांक बहुधा नसतो. बाजारात एफटीडीआयच्या नकला पुष्कळ. २०१४ मध्ये कंपनीच्या एका ड्रायव्हरने (चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) अशा नकली चिप निकामी केल्या होत्या. प्रोलिफिक या दुसऱ्या कंपनीच्या जुन्या चिपना नवे विंडोज ड्रायव्हर नाकारतात. चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण चिपचे नाव न सांगणारा अडॅप्टर घेऊ नये.

पीटीटी (ट्रान्समिट सुरू करणारा संकेत) जर सिरीयल पोर्टच्या आरटीएस किंवा डीटीआर या संकेत-लाइनवर असेल, तर संगणक सुरू होताना ती लाइन क्षणभर हलू शकते आणि संच आपोआप ट्रान्समिट करतो. अशा ट्रान्समिशनची जबाबदारी परवानाधारकाचीच. म्हणून पहिली चाचणी डमी लोडवर (अँटेनाऐवजी पॉवर शोषून घेणाऱ्या रोधावर), कमी पॉवरमध्ये घ्यावी.

४० मीटर बँडवर १०० वॅट सोडताच अडॅप्टर संगणकावरून गायब होत असेल, तर बहुतेक वेळा केबलमध्ये शिरलेली आरएफ (रेडिओ लहरींची ऊर्जा) त्याला कारण असते. यूएसबी केबलचे काही वेढे फेराइटच्या कड्यातून घेतले की बहुधा भागते. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे वळवाच्या विजा कडाडायला लागल्या की अँटेनाबरोबर यूएसबी केबलही काढून ठेवावी. ऑप्टो-आयसोलेटर (प्रकाशातून संकेत नेऊन विद्युत जोड तोडणारा भाग) आवाजातली गुरगुर थांबवतो, वीज थांबवत नाही.

शेवटी वेग आणि फ्रेम (बिटांची मांडणी) जुळवायची. एफटी-८५७ ला ४८००, ९६०० किंवा ३८४०० बॉड (सेकंदाला बिट) चालतो, मात्र स्टॉप बिट (प्रत्येक बाइटचा शेवट दाखवणारे बिट) दोन लागतात; बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून एकच धरलेला असतो.