‘गोळी उष्ण पडते’ म्हणजे नेमकं काय होतं?

दिवाळीत मामेबहीण घरी आली होती. मागचं आवरताना हळूच म्हणाली, "ताई, मला त्या गोळ्या सोसत नाहीत गं. उष्ण पडतात." मी विचारलं, कोणत्या गोळ्या? तर म्हणे, "गोळ्या म्हणजे गोळ्या. पाळणा लांबवायच्या."

हा प्रश्न मी उगाच विचारला नव्हता. आपल्याकडे ‘गोळी’ या एका शब्दात निदान तीन निराळी औषधं राहतात. पहिली गणपतीत किंवा लग्नकार्यात पाळी पुढे ढकलण्याची. त्यात नॉरइथिस्टेरोन हे हार्मोन असतं, ५ मिलिग्रॅमची गोळी, बहुतेकदा दिवसातून तीनदा. ही गर्भनिरोधक म्हणून घ्यायची गोळी नव्हेच. दुसरी ‘७२ तासांची’, असुरक्षित संबंधानंतर तातडीनं घ्यायची. तिच्यात लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे हार्मोन १.५ मिलिग्रॅम असतं. तिसरी रोजची, म्हणजे माला-एनसारखी, आणि तिच्यात तेच लेव्होनॉर्जेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम, सोबत इथिनाइल इस्ट्रॅडिऑल हे इस्ट्रोजेन ०.०३ मिलिग्रॅम. हिशोब सोपा आहे: ७२ तासांच्या एका गोळीत रोजच्या दहा गोळ्यांइतकं लेव्होनॉर्जेस्ट्रेल. ती घेऊन मळमळ झाली, पुढची पाळी मागेपुढे झाली, की बदनाम होते बिचारी रोजची गोळी. ‘मला गोळ्या चालत नाहीत’ म्हणणाऱ्या किती जणींनी रोजची गोळी सलग तीन महिने घेऊन पाहिलेली असते, याबद्दल मला दाट शंका आहे.

बहिणीची मात्र रोजचीच निघाली. पर्समधून तिनं पाकीट काढलं. २१ पांढऱ्या गोळ्यांच्या जागा रिकाम्या, आणि तपकिरी सातच्या सात तशाच. "त्या नाही घेत मी, त्यांनीच पोट बिघडतं." तपकिरी गोळ्या लोहाच्या, त्यांत हार्मोन नाही. त्या गाळल्या म्हणून दिवस राहत नाहीत. त्यांचं खरं काम दोन प्रकारचं: अंगात थोडं लोह जावं, आणि रोज गोळी घ्यायची सवय सात दिवसांत मोडू नये. तिची मोडत होती. तपकिरी गाळल्यावर पुढचं पाकीट कधी आठव्या दिवशी सुरू व्हायचं, कधी दहाव्या.

इथे गोळीचं काम कसं चालतं ते पाहायला हवं. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी दर महिन्याला बीजकोशाला ‘एक बीज तयार कर’ असा निरोप धाडते. गोळीतली हार्मोन्स हा निरोपच थांबवतात. शिवाय गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव दाट होतो आणि शुक्रजंतूंची वाट अडते. हार्मोन नसलेल्या सात दिवसांत पिट्यूटरी पुन्हा जागी होऊ लागते, बीज वाढीला लागतं. आठव्या दिवशी नवं पाकीट सुरू झालं तर ते तिथेच थांबतं. दहाव्या दिवशी झालं तर थांबेलच असं नाही. म्हणून पाकिटाच्या मधली एखादी गोळी विसरण्यापेक्षा पहिली गोळी उशिरा घेणं जास्त महागात पडतं. काटेकोर घेतली तर वर्षभरात १००० बायकांपैकी साधारण ३ जणींना दिवस राहतात. रोजच्या धबडग्यात घेतली जाते तशी घेतली तर १०० पैकी ७ जणींना.

आता ‘उष्ण’. हा शब्द मला आवडतो, कारण त्यात सगळं मावतं: मळमळ, तोंड येणं, चिडचिड, डोकं ठणकणं, मध्येच अंगावरून जाणं. डॉक्टरला मात्र या एका शब्दावरून काही करता येत नाही. प्रत्येक त्रासाचा धागा वेगळ्या ठिकाणी जातो. मळमळ आणि छाती दुखरी होणं हे बहुधा इस्ट्रोजेनचं. गोळी रात्री जेवल्यावर घेतली तर पुष्कळदा भागतं. दोन पाळ्यांच्या मध्ये डाग लागणं पहिल्या तीन महिन्यांत नेहमीचं, कारण गर्भाशयाचं अस्तर नव्या मात्रेला सरावत असतं. गोळ्या विसरल्या की हेच डाग पुन्हा दिसतात, आणि बाई म्हणते, "बघा, गोळी सोसत नाही." वजनाचं म्हणाल तर एकत्रित, म्हणजे माला-एनसारख्या दोन हार्मोन्सच्या गोळीनं वजन लक्षणीय वाढतं असं चाचण्यांतून दिसलेलं नाही.

मनाचा प्रश्न अवघड आहे, तिथे मी सावध राहते. काही चाचण्यांत अर्ध्या बायकांना खरी गोळी आणि अर्ध्यांना बिनऔषधाची दिली, तेव्हा डोकेदुखी आणि मळमळीच्या तक्रारी दोन्ही गटांत जवळपास सारख्याच आल्या. यावरून ‘सगळे मनाचे खेळ’ असा निकाल द्यायला काही डॉक्टर टपलेले असतात. पण २०१६ साली डेन्मार्कमध्ये दहा लाखांहून जास्त मुली आणि बायकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एकत्रित गोळी घेणाऱ्यांत नैराश्याचं औषध पहिल्यांदा सुरू होण्याचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या सुमारे १.२ पट निघालं, आणि १५ ते १९ वयाच्या मुलींत १.८ पट. गोळीमुळेच तसं झालं, हे अशा नोंदींवरून सिद्ध होत नाही. पण गोळी सुरू केल्यापासून आपण आपल्यासारख्या राहिलो नाही असं जिला वाटतं, तिला दुसरं साधन द्यायला एवढं पुरे आहे. तिनं आधी पुरावा आणावा, ही अपेक्षा कशाला?

बायकांच्या तक्रारी झटकण्याची खोड या गोळीइतकीच जुनी आहे. १९५६ साली पोर्तो रिकोत पहिली मोठी चाचणी सुरू झाली. तिथल्या डॉक्टर एड्रिस राइस-रे यांनी कळवलं की १७ टक्के बायकांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी, उलट्या होताहेत. गोळी परिणामकारक आहे, पण त्रास फार, असं त्यांचं म्हणणं. बोस्टनच्या बाजूला गोळीचे एक जनक ग्रेगरी पिंकस यांना त्यातला बराचसा भाग मानसिक वाटला. त्या गोळीत १५० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन होतं. आजच्या माला-एनमध्ये ३० आहे. दोन्हींतलं इस्ट्रोजेन हुबेहूब एक नाही, तरी फरक किती मोठा आहे ते कळतं. आपल्या आयाआज्यांनी गोळ्यांबद्दल जे ऐकलं, त्यातलं पुष्कळ त्या जड मात्रेच्या काळातलं.

काही तक्रारींत मात्र ‘तीन महिने थांबून बघू’ चालत नाही. मी बहिणीला विचारलं, डोकं कसं दुखतं? म्हणाली, "एका बाजूला. पण त्याआधी डोळ्यांसमोर चमचमती नागमोडी कड येते. मोबाईलवरची अर्धी अक्षरंच दिसत नाहीत. वीसेक मिनिटांनी ते जातं आणि मग डोकं सुरू होतं."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

याला ऑरा असलेली अर्धशिशी म्हणतात. अशा अर्धशिशीत मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकण्याचा, म्हणजे पक्षाघाताचा धोका मुळात थोडा जास्त असतो आणि इस्ट्रोजेननं तो आणखी वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत अशा बाईला इस्ट्रोजेनची गोळी द्यायचीच नाही. पस्तिशीपुढच्या आणि रोज बऱ्याच सिगारेटी ओढणाऱ्या बाईला, १६०/१०० च्या वर रक्तदाब असलेलीला, पायाच्या शिरेत गुठळी होऊन गेलेलीला, बाळंतपणाला सहा आठवडे झाले नसतील अशा अंगावर पाजणाऱ्या आईलाही नाही. बहिणीनं गोळ्या मेडिकलमधून आणल्या होत्या. रक्तदाब कुणी पाहिला नव्हता, डोकेदुखीचं कुणी विचारलं नव्हतं.

घाबरवायचं नाही, म्हणून आकडे सांगते. गोळी न घेणाऱ्या १०,००० बायकांत वर्षाला सुमारे २ जणींच्या शिरेत गुठळी होते. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची गोळी घेणाऱ्यांत ५ ते ७ जणींच्या. ड्रॉस्पिरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेल असलेल्या नव्या, महागड्या एकत्रित गोळ्यांत ९ ते १२. म्हणजे ‘सोसत नाही’ म्हणून पिंपल घालवणारी भारीतली गोळी घेतली, तर या एका बाबतीत आपण खाली उतरतो. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हा धोका या सगळ्यांहून जास्त असतो, हेही लक्षात असू द्या. तरी एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, छातीत दुखलं, दम लागला, दिसणं अचानक अंधूक झालं, तर गोळी बंद आणि त्याच दिवशी दवाखाना.

आपल्याकडे आणखी एक अडचण असते, ती म्हणजे टीबी. रिफाम्पिसिन सुरू असेल तर यकृत गोळीतली हार्मोन्स भराभर संपवतं आणि गोळी कुचकामी ठरते. फिट्सच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिनचंही तेच. ही औषधं चालू असलेल्या बाईला तांबी किंवा तीन महिन्यांचं इंजेक्शन चालतं.

मग गोळीऐवजी काय? पत्रकांत साधनांची यादी परिणामकारकतेच्या क्रमानं लावलेली असते. माझं निरीक्षण असं की बायका निवड त्या क्रमानं करत नाहीत. त्या पाळीकडे बघून करतात. प्रत्येक साधन पाळीचं काहीतरी करतं, आणि ज्या घरात पाळीवर देवघर, लोणच्याची बरणी आणि सासूबाईंचा मूड अवलंबून असतो, तिथे ‘थोडे अनियमित डाग’ हे किरकोळ नसतं.

तांबी, म्हणजे कॉपर टी. हार्मोन शून्य. तांब्याचे कण शुक्रजंतूंना निकामी करतात. ती गर्भाशयातच राहते, पोटात फिरत नाही, काळजाशी जात नाही. ३८० ए ही जात दहा वर्षं चालते, वर्षभरात १०० पैकी एकीलाही धड दिवस राहत नाहीत, आणि सरकारी केंद्रात फुकट बसते. पण पाळीत रक्त जास्त जातं आणि पोट जास्त दुखतं, विशेषतः सुरुवातीचे महिने. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. बहिणीचं हिमोग्लोबिन ९ होतं आणि पाळी आधीच पाच-सहा पॅड रोज अशी. तिला तांबी बसवून लोहाच्या गोळ्या लिहून देणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

‘अंतरा’ इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. इस्ट्रोजेन नाही. वर्षभर घेतल्यावर निम्म्याच्या आसपास बायकांची पाळी थांबते. रक्त बाहेर जात नाही हे रक्तक्षय असलेलीला बरंच, पण "मग ते साचतं कुठं?" हा प्रश्न प्रत्येक आशाताईला ऐकावा लागतो. साचत नाही, कारण अस्तरच पातळ राहतं. वजन मात्र यानं काहींचं खरंच वाढतं. आणि शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सरासरी दहा महिने लागू शकतात, त्यामुळे पुढच्या वर्षी मूल हवं असेल तर हे नको.

‘छाया’ या सरकारी गोळीबद्दल जरा अभिमानानं सांगावंसं वाटतं. सेंटक्रोमन हे रसायन लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेचं, १९९१ पासून बाजारात ‘सहेली’ नावानं आहे. ते गोळीतल्यासारखं हार्मोन नव्हे. गर्भाशयाच्या अस्तरावर इस्ट्रोजेनला काम करू देत नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदाच. पाळी रविवारी आली तर रविवार-बुधवार, सोमवारी आली तर सोमवार-गुरुवार. वार धरून उपास करणाऱ्या बायकांना हे जमायला हवं असं मला वाटायचं. बहीण म्हणाली, "रोजची विसरते, आठवड्याची तर नक्कीच विसरेन." यात पाळी काहींची लांबते, कमी जाते. पीसीओडी असेल किंवा नुकतीच कावीळ होऊन गेली असेल तर ही नको.

उरली हार्मोनची तांबी. आकार कॉपर टीसारखाच, पण धातूऐवजी ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल, तेही गर्भाशयातच थोडंथोडं सुटणारं. पहिले तीन ते सहा महिने डाग, मग पाळी कमी कमी होत जाते. जास्त रक्त जाण्यावर ती उपचार म्हणूनही बसवतात. सरकारी केंद्रात सहसा मिळत नाही, खासगीत काही हजार जातात.

आणि नवरा? निरोध नीट वापरला जातो तेव्हा छान. एरवी वर्षाला १०० पैकी १३ जणींना दिवस राहतात. मूल नको हे पक्कं असेल तर पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी पंधरा-वीस मिनिटांची. पुढचे तीन महिने निरोध, मग वीर्याची तपासणी, संपलं. त्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात ३७.९ टक्के विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं होतं आणि पुरुषांची नसबंदी ०.३ टक्के. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली. शंभर वर्षांत एवढी मजल. बहिणीला हे सुचवलं तर तिला हसू आवरेना. "त्यांना साधं इंजेक्शन घेताना चक्कर येते, ताई."

स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी तिला रक्तदाब, सोनोग्राफी सगळं करून हार्मोनची तांबी बसवली. आता चौथा महिना आहे. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर, दुधाच्या हिशोबाशेजारी, ती डाग लागलेल्या दिवशी पेन्सिलीनं टिंब काढते. पहिल्या महिन्यात सतरा टिंबं होती. परवा फोटो पाठवला, त्यात सहा मोजली. अर्धशिशी गोळी सुटल्यावर कमी झाली, गेली मात्र नाही. त्यासाठी तिनं वेगळी वेळ घेतली आहे.